जांबोटीच्या मेस्त्रीदादांना, पणजीहून परतल्यावर

मेस्त्रीदादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव नाही, नंबर नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. जांबोटी-कणकुंबी भागातल्या कुणी वाचलं, तर कृपा करून दादांना वाचून दाखवा.

आम्ही पणजीला वेळेत पोचलो. बाबांनी जाझची मैफल पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत सगळी ऐकली. हे आधी सांगायचं होतं.

त्या संध्याकाळी जांबोटी मागं टाकून जंगलात शिरलो आणि चढावर गाडीचा काटा लाल रेषेला जाऊन भिडला. बॉनेटमधून वाफ, डिसेंबरातला लवकरचा अंधार, मोबाइलला रेंज नाही आणि शेजारी सत्तरी ओलांडलेले बाबा. तुम्ही काम संपवून घरी निघाला होतात. मोटारसायकल थांबवून पहिलं काय बोललात, तर, "टोपण उघडू नका, वाफ तोंडावर येईल." मग बाबांकडे बघून अंगातलं जर्किन काढून त्यांच्या खांद्यावर टाकलंत. तुम्ही स्वतः पुढचा सगळा वेळ शर्टावर होतात. तिथली थंडी काय असते, ते त्या रस्त्यानं रात्री गेलेल्यांनाच ठाऊक.

रेडिएटरचा वरचा पाइप क्लँपजवळ फाटला होता. इंजिन गार झाल्यावर तुम्ही फाटकं टोक कापून उरलेला पाइप ओढून बसवलात आणि हत्यारांच्या पिशवीतला नवा क्लँप आवळलात. पाण्यासाठी गोव्याकडून येणारा ट्रक अडवलात, ड्रायव्हरशी कन्नडमध्ये बोलून त्याचा कॅन उतरवून घेतलात. पुढं रेंज आली तिथं थांबून घाटाखालच्या केरीतल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला कोकणीत फोन केलात: गाडी खाली उतरली की एकदा बघून घे. आणि आमच्याशी अर्थातच मराठीत. पैसे म्हणाल तर क्लँपचे तेवढे घेतलेत. चोर्ला घाटाचा उतार सुरू होईपर्यंत धुक्यात आमच्या पुढं तुमचा लाल दिवा होता. "ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दुसऱ्या गिअरवर उतरा," म्हणालात, जर्किन घेतलंत आणि वळलात. खाली केरीत तो गॅरेजवाला टॉर्च घेऊन रस्त्यावर उभाच होता!

इंजिन गार व्हायची वाट बघताना तुम्ही बाबांना विचारलं होतंत, "एवढ्या थंडीत कशाला निघालाय?" बाबा म्हणाले, "जाझ ऐकायला." "ते काय असतंय?" "रेकॉर्डवर ऐकलंय, समोर बसून कधी नाही. ऐकून आलो की सांगतो." ते सांगायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं आहे.

बाबांनी खानापूर भागातल्या लग्नांत उभी हयात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, ते बेळगावात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडून शिकले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तिथल्या कृष्णवर्णीय वादकांनी जाझ घडवलं, तेव्हा त्यांच्या हातातही लष्करी बँडचीच वाद्यं होती: कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, जरा आखूड), ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, मोठा ढोल. तिथं अंत्ययात्रेलाही बँड असतो. दफनभूमीकडे जाताना संथ भक्तिगीतं वाजतात आणि परतताना लोकांना नाचायला लावणारी. बाबांना हे कळलं तेव्हापासून ती माणसं त्यांना आपल्यातलीच वाटतात.

आणि गोवा तर या संगीताचं आपल्याकडचं आजोळच. चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि नोटेशन शिकलेली गोव्याची मुलं मुंबईला गेली. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकन वादक वाजवत होते, त्यांचं ऐकून ती जाझमध्ये मुरली आणि पुढं सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट मूळचा बारदेशातल्या हळदोण्याचा. त्याची ट्रम्पेटची वळणं बाबांनी वरातींत क्लॅरिनेटवर किती वेळा काढली असतील! १९६४मध्ये जाझचे थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन वाजवून गेले आणि १९७८मध्ये मुंबईत जाझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, पण लग्नाच्या सुपाऱ्या टाकून मुंबई गाठणं बाबांना परवडणारं नव्हतं. म्हणून ही पणजीची संध्याकाळ.

मंचावर पाचजण: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, उभा बेस, ड्रम. आधी सगळे मिळून धून एकदा वाजवतात. मग एकेकजण पुढं येतो आणि त्याच धुनेच्या स्वरांच्या चौकटीत, त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. लिहिलेलं काही नसतं. त्याचं झालं की लोक मधेच टाळ्या देतात, तोवर दुसऱ्यानं सूत्र उचललेलं असतं. शेवटी पुन्हा सगळे मूळ धुनेवर येतात. ब्लूज नावाचा एक साचा असतो: चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, की पुन्हा पहिल्यापासून. बाबा मांडीवर बोटं मोजत होते. तिसऱ्या आवर्तनाला त्यांना अठ्ठेचाळीस मात्रांचा हिशोब लागला आणि पहिल्या मात्रेवर त्यांच्या तोंडून मोठ्यानं "वा!" गेलं. ट्रम्पेटवाल्यानं आमच्याकडे बघून मान लववली. पुढं ट्रम्पेट आणि ड्रम चार-चार बार आलटून पालटून वाजवायला लागले, तेव्हा बाबा माझा हात घट्ट धरून म्हणाले, "सवाल-जवाब चाललाय बघ."

मला विचाराल तर सॅक्सोफोनचं एक संथ गाणं सगळ्यांत वरचं. ड्रमवाला काठ्या ठेवून तारेच्या ब्रशांनी नुसतं कातडं घासत होता, आणि तेवढ्या आवाजावर तो सॅक्सोफोन जणू पुटपुटत होता. रेकॉर्डवर हे ऐकू येतं, पण वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही. तिथं तो आला. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. दादा, त्या रात्री तुम्ही सरळ घरी गेला असतात तर कुणी तुम्हाला दोष दिला नसता. पण बाबांचा हा क्षण मग आलाच नसता. मी तुमची ऋणी आहे आणि हे आयुष्यभर विसरणार नाही. ट्रक ड्रायव्हरना आणि केरीच्या दादांनाही आमचा नमस्कार पोचवा.

पाइप तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी पणजीत नवा घातला, परतीच्या घाटात काटा मधेच राहिला. फेब्रुवारीत आम्ही कणकुंबीला माउलीदेवीच्या दर्शनाला येतो आहोत. बाबा क्लॅरिनेट घेऊन येणार आहेत, सध्या रोज संध्याकाळी ब्लूजची बारा बारांची तालीम चालू आहे. तुमच्या घरच्यांनाही ऐकायला बोलवा. तुमचं गॅरेज कुठल्या वारी बंद असतं, तेवढं खानापूरला निरोप धाडून कळवा, म्हणजे त्याच दिवशी येऊ.

तुमची,
खानापूरच्या क्लॅरिनेटवाल्यांची लेक