कार्ब्युरेटरची जुळवणी घरीही शक्य

संपादक महोदय,

दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) असलेल्या मोटारसायकलचे इंजिन संथ गतीवर थरथरू लागले की दोन्हींची ओढ जुळवण्यासाठी महागडे व्हॅक्यूम गेज (हवेची ओढ मोजणारे उपकरण) घ्यावेच लागते, हा समज दूर व्हायला हवा. लांब पारदर्शक नळीला इंग्रजी ‘यू’चा आकार देऊन तिच्यात थोडे इंजिन ऑइल भरावे आणि तिची टोके दोन्ही इनटेक मार्गांवरील (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांवरील) व्हॅक्यूमच्या तोंडांना जोडावीत, ज्या बाजूची ओढ अधिक, तिकडे तेल चढते, आणि जुळवणीचा स्क्रू हलक्या हाताने फिरवत दोन्ही पातळ्या समान करता येतात. तेलाऐवजी पारा मात्र कोणीही वापरू नये, कारण त्याची वाफ विषारी असते. इंजिनच्या व्हॉल्व्हची (झडपांची) फट आधीच तपासलेली असावी. काम उघड्यावरच करावे, कारण चालू इंजिनाच्या धुरातून बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक ठरतो.

आपला,
एक वाचक