पशुरोगनिदानाची सुरुवात फॉर्मॅलिनच्या बाटलीत होते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पशुरोगनिदान प्रयोगशाळांना अद्ययावत सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांचे डिजिटल स्कॅनर आणि संगणकीय विश्लेषणाची साधने मिळावीत, अशी मागणी वृत्तपत्रांतून अधूनमधून होते आणि ती रास्तच आहे. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याजोगी काचपट्टी तयार कशी होते, ती बिघडते कुठे आणि बिघडू नये म्हणून काय करावे लागते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. पशुविकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुत्री, मांजरे, ससे, कोंबड्या आणि प्रयोगासाठी वाढवलेले उंदीर अशा लहान प्राण्यांच्या ऊतींचे नमुने तयार करण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते, की नमुना प्रयोगशाळेच्या दारात पोहोचतो तेव्हा त्याचे बरेवाईट बहुतांशी ठरून गेलेले असते. म्हणून सुधारणेचा पहिला रुपया पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या शवविच्छेदनाच्या आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर खर्च व्हायला हवा.

प्राणी मेला किंवा अवयवाचा तुकडा शरीरापासून वेगळा केला, की पेशींचा रक्तपुरवठा थांबतो. पण पेशींमधली विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) थांबत नाहीत, ती पेशींनाच पचवू लागतात. आतड्याचे अस्तर, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडातील नलिका यांवर हा परिणाम सर्वांत लवकर दिसतो. उंदराच्या आतड्यातील रसांकुरांची टोके तर मृत्यूनंतर काही मिनिटांतच सुटू लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही क्रिया आणखी वेगाने होते, आणि कोंबडीच्या बाबतीत पिसांमुळे शरीरातील उष्णता आतच कोंडून राहते. कोंबड्यांच्या गम्बोरो या विषाणूजन्य रोगाचा संशय असला तर बर्सा या अवयवातील लसिका पेशी नष्ट झाल्या आहेत का, हे पाहायचे असते; परंतु शेडमध्ये सकाळी मेलेला पक्षी संध्याकाळी उघडला तर रोगाने मेलेल्या पेशी कोणत्या आणि नंतर कुजलेल्या कोणत्या, हे अनुभवी विकृतिशास्त्रज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी पुष्कळजण मृत प्राणी चांगल्या हेतूने बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. त्याने नुकसान वाढते, कारण पेशींतील पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात आणि छेदात सर्वत्र भोके दिसतात. शवविच्छेदन ताबडतोब शक्य नसेल, तर मृत प्राणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावा, गोठवू नये.

ही झीज थांबवण्याचे नेहमीचे साधन म्हणजे फॉर्मॅलिन, अर्थात फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम हे जर्मन वैद्य फॉर्माल्डिहाइडचा जंतुनाशक म्हणून अभ्यास करत असताना आपल्या बोटांची कातडी कडक झाल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यातून ऊती टिकवण्याची ही पद्धत रूढ झाली. बाजारात मिळणाऱ्या द्रावणात ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असते. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिळून १० टक्के फॉर्मॅलिन होते. मात्र नुसते पाणी घालून भागत नाही. दर लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घातले नाही, तर द्रावण हळूहळू आम्लधर्मी होते आणि प्लीहा, यकृत यांसारख्या रक्ताने भरलेल्या अवयवांत काळपट तपकिरी कण साचतात. हे कण पाहून नवख्या विद्यार्थ्याला रोगाचीच खूण सापडल्यासारखे वाटते. हे दोन क्षार काही दुर्मीळ नाहीत, तरीही अनेक ठिकाणी अजून साधे फॉर्मॅलिनच वापरले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फॉर्मॅलिन ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते आणि खोलवर जाताना त्याचा वेग आणखी मंदावतो. त्यामुळे तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि द्रावण त्याच्या आकारमानाच्या किमान दहापट असावे, हा नियम पाळलाच पाहिजे. मांजराचे अख्खे मूत्रपिंड किंवा कुत्र्याची लिंबाएवढी गाठ तशीच बाटलीत कोंबली, तर बाहेरची साल टिकते आणि गाभा कुजतो. अरुंद तोंडाच्या औषधाच्या बाटल्यांचा त्रास तर प्रत्येक तंत्रज्ञाने सोसला आहे: मऊ तुकडा आत सहज जातो, फॉर्मॅलिनमध्ये कडक होतो आणि मग बाटली फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी ही मामुली वस्तू आहे, पण तालुक्याच्या दवाखान्यात ती वेळेवर हाताशी नसते.

फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून जिवाणू किंवा विषाणू वाढवता येत नाहीत, हेही येथे सांगायला हवे. म्हणून संसर्गाचा संशय असेल तेव्हा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा ताजाच, बर्फावर ठेवून पाठवावा लागतो. रेबीजच्या बाबतीत तर ही गोष्ट जिवावरची आहे. मेंदूच्या पेशींत रेबीजमुळे दिसणारी नेग्री पिंडे पाहून निदान करण्याची पद्धत १९०३ पासूनची असली, तरी आज विश्वासाची मानली जाणारी प्रतिदीप्त प्रतिपिंड चाचणी (चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी विषाणू ओळखण्याची पद्धत) नेहमी ताज्या मेंदूवर केली जाते. आणि तो नमुना प्रशिक्षित व लस घेतलेल्या व्यक्तीनेच काढायचा असतो.

नमुना जितका लहान, तितकी काळजी अधिक. कुत्र्याच्या त्वचेतून किंवा दुर्बिणीने आतड्यातून काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दातेरी चिमट्याने दाबला, की पेशींची केंद्रके चेंगरून लांबट रेषा होतात. लसिकाग्रंथीच्या गाठीत तर असा तुकडा निरुपयोगीच ठरतो. कोरड्या कापसावर ठेवला तर तो वाळतो आणि तंतू चिकटतात. विद्युत उपकरणाने कापला तर कडा भाजून निघतात आणि गाठ पूर्ण निघाली की नाही, हे त्या कडेवरूनच ठरवायचे असल्याने मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. कुत्र्यांत वारंवार आढळणाऱ्या मास्ट पेशींच्या (अ‍ॅलर्जीशी संबंधित पेशींच्या) गाठीत हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो, कारण ती पुन्हा उद्भवेल का, हे मालक पहिल्याच भेटीत विचारतो. शल्यचिकित्सकाने कडेला काळी शाई लावून किंवा टाका घालून दिशा दाखवली, तर तंत्रज्ञाला तुकडा योग्य बाजूने कापता येतो. कोवळा तुकडा वळू नये म्हणून तो आधी जाड कागदाच्या लहानशा चौकोनावर पसरून मग द्रावणात सोडावा.

यापुढचे काम प्रयोगशाळेचे. ऊतीतील पाणी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने काढायचे, अल्कोहोल झायलीनने काढायचे आणि त्या जागी सुमारे ५६ ते ५८ अंशांना वितळणारे पॅराफिन मेण भरायचे, हा क्रम सर्वांना ठाऊक असतो. परंतु गायीच्या यकृतासाठी लावलेले यंत्राचे वेळापत्रक उंदराच्या प्लीहेला लावले, तर तो चिमुकला तुकडा जरुरीपेक्षा सुकतो आणि छेद घेताना पापडासारखा तडकतो. लहान नमुन्यांसाठी प्रत्येक टप्प्याचा वेळ कमी करून वेगळी फेरी चालवावी लागते. एकच यंत्र आणि एकच तंत्रज्ञ असलेल्या प्रयोगशाळेत नेमके हेच राहून जाते. बारीक तुकडे जाळीतून निसटू नयेत म्हणून ते पातळ कागदात गुंडाळतात किंवा आधी अगार या जेलीसारख्या पदार्थात बसवतात, आणि मेणात ते दिसावेत म्हणून अल्कोहोलच्या टप्प्यावर इओसिनचा हलका रंग देतात. मेणात बसवताना त्वचा उभी आणि आतडे आडव्या छेदासाठी ठेवायला हवे. तुकडा एकदा चुकीच्या बाजूने बसला की अस्तर, स्नायू आणि त्यांमधला थर एकत्र दिसत नाहीत. मेणाचा ठोकळा वितळवून तुकडा पुन्हा बसवता येतो, पण आधीच्या छेदांत गेलेला भाग परत येत नाही, आणि तांदळाच्या दाण्यातून असा किती भाग वाया घालवणार?

मायक्रोटोम या पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर ४ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे छेद घेताना हाताची लय साधावी लागते. ठोकळा बर्फावर पुरेसा गार केलेला हवा, पाते स्वच्छ हवे, आणि छेदांची फीत ज्या कोमट पाण्यावर तरंगवायची ते मेणाच्या वितळबिंदूपेक्षा दहाएक अंशांनी थंड हवे. अधिक गरम पाण्यात ऊती फाकते, थंड पाण्यात सुरकुत्या राहतात. त्यानंतर छेद हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन या रंगांनी रंगवतात. हिमॅटॉक्सिलीन हे मध्य अमेरिकेतील लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून मिळते. केंद्रकांना त्याचा निळा रंग चढतो तो किंचित अल्कधर्मी पाण्यात धुतल्यावरच, त्यामुळे प्रयोगशाळेच्या नळाला कोणते पाणी येते, याचीही दखल तंत्रज्ञाला घ्यावी लागते.

ही सारी कौशल्ये हाताने शिकावी लागतात आणि शिकवणारा समोर असावा लागतो. तंत्रज्ञ निवृत्त होतो, त्याची जागा रिकामी राहते, पुढे कंत्राटी माणूस येतो आणि हाताला वळण लागते न लागते तोच निघून जातो. असे झाले की विद्या खंडित होते. यंत्र नंतरही विकत घेता येईल, असा हात मात्र बाजारात मिळत नाही. शिवाय हे काम करणाऱ्यांच्या आरोग्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे आणि झायलीनची वाफही अपायकारक असते. असे असताना वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय, बंद खोलीत, साध्या पंख्याखाली नमुने कापायला लावणे अन्यायाचे आहे.

म्हणून राज्याच्या पशुसंवर्धन विभागाला आणि पशुवैद्यकीय शिक्षण देणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की तालुका पातळीपर्यंतच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात बफर (वर सांगितलेले दोन क्षार) घातलेल्या फॉर्मॅलिनच्या रुंद तोंडाच्या बरण्या कायम भरून ठेवाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यक व पशुधन पर्यवेक्षकांसाठी नमुना काढण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. निवृत्तीला आलेल्या तंत्रज्ञाच्या हाताखाली नवा माणूस तो निवृत्त होण्याआधीच नेमावा. वाफ ओढणाऱ्या कपाटाची तरतूद सूक्ष्मदर्शकाच्या खरेदीसोबतच, त्याच प्रस्तावात व्हावी. बरणीवरच्या चिठ्ठीचा नमुनाही सर्वत्र एकसारखा असावा आणि तिच्यावर प्राण्याची जात, वय व अवयवाचे नाव यांबरोबरच मृत्यूची किंवा शस्त्रक्रियेची वेळ आणि तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, अशा दोन वेळा लिहिणे सक्तीचे करावे. या दोन वेळांतील अंतर कळले, तर काचपट्टीवर दिसणारा बदल रोगाचा की उशिराचा, हे अहवाल लिहिणाऱ्याला ठरवता येईल.

आपला विश्वासू,
पशुविकृतिशास्त्र प्रयोगशाळेतील एक निवृत्त तंत्रज्ञ