अष्टूरच्या घुमटातले रंग वाचवा

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

बीदरजवळच्या अष्टूर गावात बहमनी सुलतानांचे मकबरे आहेत. त्यांतल्या अहमदशाह वलीच्या मकबऱ्यासाठी हे पत्र. आम्ही उदगीरकडची माणसे. १९५६ पर्यंत आमचा तालुका बीदर जिल्ह्यातच होता, त्यामुळे अष्टूर आम्हाला परके नाही.

१४३६ मध्ये वारलेल्या या सुलतानाचा मकबरा बाहेरून साधाच आहे: जाड भिंती, कमानींच्या ओळी, वर भारदस्त घुमट. आत मात्र भिंतीपासून घुमटापर्यंत शेंदरी, निळा आणि सोनेरी रंग भरला आहे. इराणी हस्तलिखिताच्या पानावर शोभावी अशी वेलबुट्टी इथे गिलाव्यावर उतरली आहे, आणि तिच्यातून अरबी-फारसी अक्षरांचे पट्टे फिरतात. कुठे कोनदार कुफी लिपी, कुठे वळणदार सुलुस लिपी. इराणमधल्या किरमानचे सूफी संत शाह निमतुल्लाह वली यांची गुरुपरंपराही इथे लिहिलेली आहे; अहमदशाहाची त्यांच्यावर श्रद्धा होती. दख्खनमधले इतके जुने आणि इतके भरगच्च रंगकाम दुसरीकडे सापडणे कठीण. उरुसाला लिंगायत जंगमही येतात, कारण त्या परंपरेत अहमदशाहाला संत अल्लमप्रभूंचे रूप मानतात.

पण आत अंधार. राखणदार दारात आरसा धरून ऊन आत वळवतो, तेव्हा एकेक तुकडा दिसतो. हे रंग गिलाव्याच्या पातळ थरावर आहेत. ओल मुरली, क्षार वर आले की गिलावा सुटतो आणि रंगही त्याच्याबरोबर जातो. गेले की काय उरते ते शेजारी दिसतेच: मुलगा अलाउद्दीनच्या मकबऱ्यावर रंगीत फरश्यांचे थोडेच अवशेष आहेत, आणि नातू हुमायूनशाहाच्या मकबऱ्याचा घुमट वीज पडून अर्धा कोसळला आहे.

म्हणून मागणी अशी. पुरातत्त्व खात्याच्या डेहराडूनच्या विज्ञान शाखेकडून आतल्या प्रत्येक भिंतीची आणि घुमटाची तपशीलवार छायाचित्रे व मोजणी करून घ्या आणि ती सर्वांसाठी खुली ठेवा. सुटत चाललेला गिलावा जागच्या जागी पक्का करा, पण झिजलेली अक्षरे नव्याने रंगवू देऊ नका. तसे केले तर मूळ कारागिराचा हात कायमचा पुसला जाईल. उष्णता न देणारे मंद दिवे लावा. कन्नड, उर्दू आणि मराठीत माहितीफलक लावा. बागबगीचा, कुंपण ही कामे नंतर झाली तरी चालतील. घुमटाच्या ओलीची पाहणी मात्र येत्या पावसाळ्याआधी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांसमोर ठेवावा.

आपला,
उदगीर तालुक्यातील एक नागरिक