राक्षस यायच्या आधीचा सिनेमा

प्रिय दोस्ता,

'सुपर ८' बघून तू पाठवलेला निरोप मिळाला. "पहिला तास झकास, मग राक्षस आला आणि सगळा विचका झाला." एका ओळीत तू बिचाऱ्या दिग्दर्शकाची, जे. जे. अब्राम्सची, वासलात लावलीस! फोनवर बोललो असतो तर तू मला चार वाक्यंही पुरी करू दिली नसतीस, म्हणून हे पत्र. इथे तुला मधे बोलता येणार नाही.

आधी तुझ्या बाजूने बोलतो. तुला मधला जो सांधा खटकला तो खराच आहे. अब्राम्सच्या डोक्यात दोन वेगवेगळ्या कल्पना होत्या. एक, सुपर ८ या छोट्या फिल्म-कॅमेऱ्यावर सिनेमा काढणाऱ्या पोरांची. दुसरी, 'एरिया ५१' या लष्करी तळावरून गुप्त माल हलवणाऱ्या आणि वाटेत घसरणाऱ्या आगगाडीची. पहिलीत जिवंत माणसं होती, दुसरीत धडाका होता. त्याने दोन्ही एकाला एक जोडल्या, स्टीव्हन स्पीलबर्ग निर्माता म्हणून पाठीशी उभा राहिला आणि २०११ मध्ये सिनेमा आला. टाके दिसतात, कबूल. पण ज्याला तू रहस्य म्हणतोस ते मुळात या सिनेमाचं रहस्य नाहीच, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात आठव. ओहायोतलं लिलियन नावाचं काल्पनिक गाव, १९७९. पोलादाच्या कारखान्यात एक फलक टांगलेला असतो: शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले त्याचा आकडा. एक कामगार शिडीवर चढतो, मोठा आकडा उतरवतो आणि तिथे १ लावतो. बस. कोण गेलं, कसं गेलं, कोणी बोलत नाही. पुढच्या दृश्यात बर्फात झोपाळ्यावर एकटा बसलेला दिसतो तो सिनेमाचा छोटा नायक, 'जो' नावाचा पोरगा, हातात गेलेल्या आईचं लॉकेट, आणि घरात भेटायला आलेल्यांची गर्दी. तेवढ्यात एक माणूस येतो, जोचा बाप त्याला बाहेर काढून पोलिसांच्या गाडीत कोंबतो. का? ते आपल्याला कळत नाही आणि जोलाही नाही. सिनेमातली खरी गाठ ही आहे. बाकीचं, म्हणजे पळून गेलेली कुत्री, गायब झालेली इंजिनं आणि मायक्रोवेव्ह, बंदुका घेऊन आलेलं लष्कर, हा सगळा वरचा गलका.

ती गाठ सुटते कुठे बघ. रात्री ॲलिस, पोरांच्या सिनेमातली नायिका आणि त्या हाकललेल्या माणसाची पोरगी, खिडकीतून जोच्या खोलीत येते. तो प्रोजेक्टर लावून आईच्या घरगुती फिल्म दाखवत असतो. आई बाळाला खेळवते, हसते. आवाज नाही, फक्त यंत्राची खरखर. आणि त्या उजेडात ॲलिस सांगून टाकते, की अपघाताच्या दिवशी सकाळी तिचा बाप दारू पिऊन पडला होता, कामावर गेलाच नाही, आणि त्याची पाळी जोच्या आईने घेतली. त्या दिवशी बापच गेला असता तर, असं तिला वाटतं. जो तिला म्हणतो, असं बोलू नकोस, तो तुझा बाप आहे. ॲलिस झालेली एल फॅनिंग तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती, यावर विश्वास बसत नाही. समोरच्या पोराची, जोएल कोर्टनीची, तर ती पहिलीच फिल्म. तुझा राक्षस येऊन उभं गाव उद्ध्वस्त करून जातो, तरी एवढं हलवत नाही.

नंतर दोन्ही बाप पोरांना शोधायला एकाच गाडीतून निघतात. ॲलिसचा बाप त्या दिवसाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि जोचा बाप त्याला मधेच थांबवतो: तो अपघात होता. एवढंच. जोचा बाप झालेला काइल चँडलर रस्त्यावरची नजरसुद्धा फारशी हलवत नाही. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने इथे गळ्यात गळे घालून रडवलं असतं.

आता पोरांच्या शूटिंगबद्दल, कारण तो भाग तुला आवडला असूनही त्यातली मजा तुझ्या हातून निसटली असं वाटतं. कोडॅकने सुपर ८ आणली १९६५ मध्ये. फिल्म बंद डबीत यायची, डबी कॅमेऱ्यात सरकवली की झालं, अंधारात रीळ ओवायची कटकट नाही. म्हणून तर ती पोरासोरांच्या हातात गेली. पण एका डबीत फिल्म पन्नास फूट, म्हणजे सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने जेमतेम तीन मिनिटं वीस सेकंद. वाया घालवायला परवडत नाही. त्यामुळे जोचा दोस्त चार्ल्स पोरांच्या सिनेमाचा दिग्दर्शक म्हणून सगळ्यांवर का खेकसत असतो ते समजतं. मध्यरात्री स्टेशनवर खरीखुरी गाडी येताना दिसते आणि तो वेडापिसा होतो, कारण पदरचा पैसा न घालता पडद्यावर श्रीमंती आयती चालून आलेली! गाडी घसरते, डबे हवेत उडतात, पोरं जीव मुठीत धरून पळतात, आणि जमिनीवर पडलेला कॅमेरा चालूच राहतो.

आणि मग वाट बघायची! फिल्म धुऊन यायला तीन दिवस. माझ्या मते या सिनेमाचं सगळं इंजिन त्या तीन दिवसांत आहे. कॅमेऱ्याने काय पाहिलं हे पोरांना माहीत नाही, आपल्यालाही नाही. रीळ येतं, पडद्यावर चालू होतं आणि नेमके त्याच वेळी जो आणि चार्ल्स ॲलिसवरून भांडत असतात. मागे चित्रात डब्यातून काहीतरी बाहेर येतंय, आणि यांचं लक्षच नाही. आज खिशातल्या फोनवर तिथल्या तिथे मागे जाऊन बघितलं असतं, म्हणजे गोष्ट दहा मिनिटांत खलास. जुन्या काळाची हौस म्हणून १९७९ निवडलं असं जे म्हणतात त्यांना हे दिसत नाही. अब्राम्स स्वतः तेव्हा तेरा वर्षांचा होता, हेही आहेच. पुढे काही वर्षांनी तो आणि मॅट रीव्ह्ज, दोघंही शाळकरी, स्पीलबर्गने लहानपणी केलेल्या ८ मिलिमीटरच्या फिल्म दुरुस्त करायच्या कामाला लागले होते. फिल्मचे तुकडे हातांनी जोडत बसलेली पोरं त्याने कल्पनेतून काढलेली नाहीत.

काळही नुसता कपड्यांत आणि केसांत नाही. टीव्हीवर थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीतल्या अपघाताची बातमी चालू असते, जी २८ मार्च १९७९ची, शेजारच्याच पेनसिल्व्हेनियातली. गावच्या सभेत एक बाई ठामपणे सांगते की हे रशियनांचंच काम. पेट्रोल पंपावरचं पोरगं मात्र कानाला वॉकमन लावून बसलंय. सोनीने तो बाजारात आणला १ जुलै १९७९ला, आणि तोही जपानमध्ये, तेव्हा ओहायोच्या त्या गावात तो इतक्या लवकर कसा पोचला हे अब्राम्सलाच माहीत. पण पोरगं गाण्यात बुडालेलं असल्यामुळे त्याला मागचा गोंधळ ऐकू येत नाही, तेव्हा माफ.

जे माफ करवत नाही तेही सांगतो. शाळेचा मास्तर पिकअप घेऊन समोरून धडधडत येणाऱ्या आगगाडीवर आदळतो आणि वाचतो! लष्करी अधिकारी इतका दुष्ट की त्याची भीतीच वाटत नाही. निळ्या प्रकाशाच्या तिरिपा तर जिकडेतिकडे, भिंगावर कोणीतरी टॉर्च मारत बसल्यासारख्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲलिस, सिनेमातली सगळ्यात दमदार व्यक्ती. पहिल्या तालमीतच तिने सगळ्यांची बोलती बंद केलेली. तिला उत्तरार्धात भुयारात नेऊन टांगलं, पोरांनी सोडवायला यावं म्हणून. इथे तुझा 'विचका' मला मान्य. राक्षसाचा नाही, ह्याचा.

राक्षसाचं म्हणशील तर तोही परग्रहावरचा, घरी जायला आसुसलेला, १९५८पासून कोंडून ठेवलेला. जो त्याच्यासमोर उभा राहून आपल्या मनातलं बोलतो, ते जरा सोयीचं वाटतं, मान्य. पण ते शब्द तो त्याला सांगतोय की स्वतःला, एवढं ऐक पुन्हा. आणि लॉकेट हवेत खेचलं जातं तेव्हा जोची बोटं बघ. चेहऱ्याकडे नको, बोटांकडे.

आता मुख्य काम. तू नेहमीप्रमाणे नावं सुरू झाल्याबरोबर उठला असशील. परत लाव. नावांसोबत पोरांचा अख्खा सिनेमा दाखवलाय, 'द केस', झाँबी, गुप्तहेर, विषारी रसायनाचा कारखाना, सगळं. पडणारे दिवे, चुकलेल्या जागी लावलेला मेकअप, आणि शेवटी चार्ल्स कॅमेऱ्यासमोर येऊन स्पर्धेच्या परीक्षकांना आपली फिल्म निवडायची विनवणी करतो. तेवढ्यात मागून कोण येतं ते सांगत नाही. ते बघ, आणि मग मला फोन कर. तेव्हा मी तुला मधे बोलू देईन.

तुझाच