'सदृश' मंडळातून

संपादक महोदय,

कालचा 'संज्ञेचा हट्ट' हा अग्रलेख वाचला. ओला दुष्काळ म्हणा की अतिवृष्टी, मदत पोचल्याशी कारण, शब्दांचा काथ्याकूट कशाला, हा आपला सल्ला शिरसावंद्य. फक्त एक शंका. नावात एवढं काहीच नसेल, तर ते द्यायला सरकारचा हात दर वेळी आखडता का? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातली पिकं पाण्याखाली गेली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की 'ओला दुष्काळ' अशी संज्ञा नियमावलीत नाही, पण दुष्काळाच्या सवलती देऊ. म्हणजे ताट वाढतो, पंगतीत मात्र बसू नका.

आम्ही 'सदृश'वाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात शेजारचा तालुका बसला. आमचं महसूल मंडळ (तालुक्यातला काही गावांचा गट) आलं पुढच्या महिन्यातल्या १,०२१ मंडळांच्या यादीत, 'दुष्काळसदृश' म्हणून. ओढ्यापलीकडचं सोयाबीन दुष्काळाने करपलं, अलीकडचं सदृशाने.

सवलती दोन्हीकडे त्याच आठ: जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्कात माफी वगैरे. शासन निर्णयात स्वच्छ छापलेलं. पुतण्याची मुलगी तेव्हा बारावीला. शुल्क परत मिळतं म्हणून तिच्या बापाच्या पासबुकाची झेरॉक्स आणि शासन निर्णयाची प्रत घेऊन मी कॉलेजात गेलो. तिथल्या बाबूंनी कागद उलटसुलट पाहिला, 'सदृश'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काका, ह्याच्यात दुष्काळ कुठंय? सदृश लिहिलंय." मी म्हटलं, खाली सवलती दिल्यात त्या वाचा. "खालचं राहू द्या हो, वरचा विषय बघा ना." झेरॉक्स टेबलावर ठेवून आलो. ती पुढे गेली की रद्दीत, देव जाणे. पैसे काही आले नाहीत. रक्कम किरकोळ होती, मान्य. पण त्या वर्षी त्या घराचा सगळा व्यवहारच किरकोळीत चालला होता.

बरं, एकट्या बाबूंना कशाला बोल लावू? पुण्याहून मेहुण्यांचा फोन: "पेपरात सदृश म्हटलंय, म्हणजे तसं फार नाही ना?" शिकलेला माणूस, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा. त्यांचा दोष नाही. तो शब्द योजलाय त्याचसाठी. गल्लीत टँकरपुढे हंड्यांची रांग असली, तरी लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, अजून तितकी वेळ आलेली नाही.

२०१६ ची आठवण तरी आपल्या अग्रलेखकारांना असायला हवी होती. एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, देशभर फोटो छापून आले, आणि सरकारी कागदावर तेव्हाही 'दुष्काळसदृश'च. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात याचिकेची सुनावणी चालू असताना राज्याने मान्य केलं, की जिथे 'दुष्काळसदृश' लिहिलंय तिथे 'दुष्काळ' वाचावं. सुमारे २९ हजार गावं एका शुद्धिपत्रकाने दुष्काळात गेली! हे शुद्धिपत्रक काही आकाशातून पडलं नाही. कोणीतरी कोर्टात जाऊन, आपण ज्याला काथ्याकूट म्हणता, तोच केला होता.

जाता जाता, शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, लासलगावला भाव कोसळले, आणि आपल्या पहिल्या पानावर 'गृहिणींना दिलासा'. कांदा चढला की 'कडाडला', पडला की 'दिलासा'. शेतकऱ्याच्या घरात गृहिणी नसते काय? आणि ते 'बळीराजा' तेवढं आवरा. राजा म्हणायचं आणि त्याची बातमी आतल्या पानावर, फर्निचरच्या सेलखाली दोन बोटं जागेत.

पत्र लांबलं असल्यास वरचं हवं ते कापा, कांद्याचं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, मराठवाडा
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये.)