बंदुकांची मोजदाद होते, टोप्यांची कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानडुक्कर आणि रोही यांनी उभे पीक लोळवल्याच्या बातम्या आपल्या अंकात दर हंगामात येतात. पंचनामा, नुकसानभरपाई, वनखात्याची परवानगी या सगळ्यांवर लिहिले जाते. ज्या वस्तूवाचून ती परवानगी घडी घालून खिशात ठेवायच्याच कामाची उरते, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ती वस्तू म्हणजे ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुकीची टोपी.

टोपी म्हणजे तांब्याची पातळ वाटी, टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढी. तिच्या तळाशी ठोका बसताच पेटणाऱ्या स्फोटकाचा थर असतो. चाप ओढला की घोडा पडतो, टोपी चिरडते आणि ती जिच्यावर बसते त्या निप्पल नावाच्या खुंटीच्या भोकातून ज्वाळ नळीतल्या दारूपर्यंत जाते. बारा बोअरच्या काडतुसात हीच गोष्ट पितळी बुडाच्या मध्यभागी बसवलेली असते. गावात तिला टोपी म्हणतात, दुकानदार कॅप म्हणतो, नेमबाज आणि कारखानेवाले प्रायमर. नाव काहीही घ्या, ती नसेल तर दारू, छर्रे आणि बंदूक यांचा उपयोग काठीइतकाच.

टोपी दुर्मीळ आणि महाग झाली की लोक ती वाचवायला लागतात, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. बार भरण्याआधी रिकाम्या बंदुकीवर एक-दोन टोप्या उडवून निप्पलचे भोक मोकळे करायचे, ही जुनी रीत आहे. नळीचे तोंड वाळलेल्या गवताच्या काडीजवळ जमिनीकडे धरायचे. टोपी उडाल्यावर काडी हलली तर वाट मोकळी, नाही हलली तर भोकात तेल किंवा काजळी अडकलेली. बंदूक पावसाळाभर तेल लावून उभी ठेवलेली असेल तर तेल हमखास निप्पलच्या बाजूला उतरते, म्हणून ही तपासणी टाळता येत नाही. पण हंगामाला मोजक्या टोप्या हाती असतील तर दोन टोप्या गवताची काडी हलवायला कोण घालवील? मग पहिलाच बार फुसका जातो. डुक्कर समोर असताना दुसरी टोपी चढवली जाते, तीही तशीच जाते. वाचवायला निघालेल्या दोन टोप्या अशा वायाच जातात, आणि दोष दारूला दिला जातो.

दुसरी अडचण मापाची. टोपी सगळीकडे एकाच मापाची येत नाही आणि जुनी निप्पले घोड्याचा मार खाऊन वर पसरलेली असतात. मिळेल ती टोपी घ्यायची वेळ आली की ती एक तर सैल बसते किंवा घट्ट. सैल टोपी बोटाने चेपून बसवतात. ती चालताना पडते किंवा वाकडी राहते. घट्ट टोपीवर घोड्याचा पहिला ठोका ती खाली बसवण्यातच खर्च होतो आणि ती दुसऱ्या ठोक्याला उडते. 'दोनदा घोडा पाडल्यावर उडते' अशी तक्रार असेल तर टोपी बदलण्याआधी निप्पल बघावे. परवानाधारक कारागिराकडून निप्पल बदलून घेतले की हा दोष बहुधा जातो.

बार उडाला नाही तर बंदुकीचे तोंड मोकळ्या जमिनीकडे धरून निदान एक मिनिट थांबावे. ओलसर दारू धुमसत राहून उशिरा उडते. नळीत डोकावणे, गज घालून चाचपणे, लगेच दुसरी टोपी चढवणे, या तिन्हींत माणसे जखमी झाली आहेत. मिनिट गेल्यावर घोडा अर्ध्यावर आणून मगच टोपी काढावी.

साठवण हा आपल्याकडचा खास प्रश्न. मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते आणि श्रावणात माळवदाच्या भिंतीला ओल धरते. टोप्या देवळीत ठेवायची सवय दोन्ही ऋतूंत घातकच. कारखान्यातून आल्या त्या मूळ डबीतच त्या ठेवाव्यात, ती डबी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि हा डबा दारूपासून वेगळा, कुलपात, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या जागी. औषधाच्या बाटलीत येणारी ओलावा शोषणारी पुडी आत टाकली तर उत्तम. सुट्या टोप्या काचेच्या बाटलीत भरून ठेवणे हा सगळ्यात वाईट प्रकार. बाटलीत एक उडाली की सगळ्या एकदम उडतात आणि काच अंगात शिरते. खताची पोती आणि फवारणीची औषधे ज्या कोठीत आहेत तिथेही नको.

एक गोष्ट साफसफाईची. जुन्या पद्धतीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असते. ती उडाल्यावर मिठासारखा क्षार मागे राहतो, हवेतले पाणी ओढतो आणि निप्पल आतून खातो. तो तेलाने जात नाही. आधी गरम पाणी, मग कोरडे करणे, मग तेल, असा क्रम. आपल्याकडच्या पुष्कळ बंदुका गोळीबाराने झिजलेल्या नाहीत; नुसते तेल चोपडून ठेवल्याने गंजून गेल्या आहेत.

बारा बोअरवाल्यांची स्थिती थोडी बरी, पण फार नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आला. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखानाही त्याच कंपनीत आहे, म्हणजे माल आपल्याच राज्यात तयार होतो. तरी हवा तो छर्रा हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही. डुकरासाठी एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस लागते; पाखरांचे बारीक छर्रे मारले तर डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरते आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या माणसावर येते. दुकानात 'आज हेच आहे' असे ऐकून चुकीचे काडतूस घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तसेच पुष्कळ जुन्या दुनळींचे घर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, ६५ मिलिमीटरचे असते. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस न उडालेले असताना बसते, कारण डब्यावरची लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. बार उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बंदुकीवर कोरलेले माप वाचता येत नसेल तर कारागिराकडून मोजून घ्यावे.

टंचाईत आणखी एक धंदा फोफावतो, रिकामी काडतुसे पुन्हा भरून विकण्याचा. अमेरिकेत घरी काडतूस भरणे हा राजरोस छंद आहे. तिथे २०२० नंतर मागणी उसळली तेव्हा पितळ, शिसे, दारू यांच्यापेक्षा प्रायमरचीच आधी ओरड झाली आणि हजाराच्या खोक्याचा भाव दुपटीच्या वर गेला. कारण सरळ आहे. प्रायमर बनवणारे कारखाने मोजके, त्यातले रसायन अतिसंवेदनशील, आणि सैन्य व पोलिसांचा माल त्याच यंत्रांवर आधी निघतो. मागणी वाढली म्हणून कोणी चार महिन्यांत नवा कारखाना उभारू शकत नाही. तोच पेच इथेही आहे, फक्त इथे कायदा वेगळा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे भागही दारूगोळाच ठरतात आणि कलम ५ नुसार परवान्याशिवाय तो तयार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे. ठासणीच्या बंदुकीत बार भरणे आणि काडतूस तयार करणे यांतला हा फरक परवानाधारकांनाही पुरता ठाऊक नसतो.

कायदा बाजूला ठेवला तरी असे काडतूस वापरू नये. टोपी बुडापेक्षा वर राहिली असेल तर दुनळी मिटतानाच ती उडू शकते. दारू कमी पडली तर आवाज फुस्स येतो, दारू आणि छर्रे यांमधला बोळा नळीतच अडकतो आणि पुढचा बार नळी फाडतो. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला की नळी उघडून, काडतूस काढून, बुडाकडून आरपार उजेड दिसतो का ते पाहिल्याशिवाय दुसरे घालू नये.

आणि ज्यांना टोपीच मिळत नाही ते काय करतात? तारेत करंट सोडतात, प्लास्टिक पाइपची कार्बाइड गन वाजवतात. पहिल्याने शेजारचा सालगडी मरतो, दुसरीने पोरांचे डोळे जातात. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे काय झाले ते सगळ्यांनी वाचले आहे. परवान्याची, नोंदीची, जबाबदारीची वस्तू दुर्मीळ करून आपण बिनपरवाना आणि जास्त धोक्याच्या वस्तूंना वाट करून देत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबत लेखी परवानगी देता येते. ती देताना अर्जदाराकडे चालती बंदूक आणि पुरेशा टोप्या आहेत का, हे कोणी विचारत नाही. परवान्यावर दारूगोळ्याची मर्यादा लिहिलेली असते, पण तेवढा माल जिल्ह्यात उपलब्ध आहे की नाही ते लिहिलेले नसते. टोप्या पोस्टाने किंवा कुरिअरने मागवता येत नाहीत. खरेदीची नोंद परवान्यावर व्हावी लागते म्हणून स्वतःच जावे लागते. किनवट किंवा भूमहून एका डबीसाठी दिवस मोडून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे आणि 'पुढच्या महिन्यात बघा' ऐकून परतायचे, हा खर्च टोपीच्या भावात कोणी धरत नाही.

अवघड असे काही मागायचे नाही. शस्त्रविक्रेत्याला साठ्याची आणि विक्रीची नोंदवही ठेवावीच लागते आणि ती तपासणीसाठी दाखवावी लागते. त्याच नोंदीवरून जिल्हाधिकारी कार्यालयाने संभाजीनगर ते हिंगोली अशा मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत दर तीन महिन्यांनी एक कागद फलकावर लावावा: कोणत्या मापाच्या टोप्या आहेत, कोणते काडतूस आहे, भाव काय. किती आहेत आणि कोणी घेतले हे लिहिण्याची गरज नाही, तसे करणे सुरक्षिततेला धरूनही नाही. दुकानात भावफलक असावा आणि पावती सक्तीची असावी. खरिपाच्या आधी आणि हरभरा घाट्यावर यायच्या आत, म्हणजे मे आणि नोव्हेंबरमध्ये, जिल्ह्याची मागणी एकत्र करून कारखान्याकडे नोंदवली तर एकेका दुकानदाराच्या भांडवलावर सगळे अवलंबून राहणार नाही.

निवडणुकीतल्या जमा शस्त्रांचेही बघावे. छाननी समिती ठरवील त्यांची शस्त्रे जमा व्हावीत, याला हरकत नाही. पण बंदूक ठाण्यात आणि टोप्या घरी अशा स्थितीत एखादा पावसाळा गेला तर त्या टोप्यांचा भरवसा उरत नाही. सादळलेल्या टोप्या आणि न उडालेली काडतुसे आज लोक विहिरीत टाकतात किंवा शेतात पुरतात. ती परत घ्यायला प्रत्येक ठाण्यात ठरावीक दिवस असावा आणि देणाऱ्याला पोच मिळावी, म्हणजे परवान्यावरचा हिशेब जुळेल आणि तेवढाच माल पुन्हा घेता येईल.

आपले,
परभणी जिल्ह्यातील काही परवानाधारक शेतकरी