शेजारच्या काकूंना, सूप शिकवल्याबद्दल थँक्यू

काकू, नमस्कार.

हे असं सगळ्यांसमोर का लिहितोय म्हणाल, तर फोनवर तुम्हाला थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि मग गाडी तुमच्या गुडघ्यांवर नाहीतर पुण्याच्या ट्रॅफिकवर जाते. म्हणून म्हटलं लिहूनच टाकू, नात वाचून दाखवेल तुम्हाला, आणि घरात कोणी म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्याही कामी येईल.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहतो, काकू आमच्या शेजारी होत्या, आता मुलाकडे पुण्याला गेल्यात. दिवाळीनंतर बाबांचे उरलेसुरले सगळे दात काढले, कवळी बसवायच्या आधी हिरड्या नीट भरून यायला पाहिजेत म्हणून दोन-तीन महिने थांबायचं होतं, आणि त्याच सुमारास बायकोची बदली जबलपूरला झाली. म्हणजे घरात मी, शाळेत जाणारी लेक आणि काहीच चावू न शकणारे बाबा, आणि बाहेर ग्वाल्हेरची थंडी. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही, जानेवारीत पारा चार-पाचवर येतो, सकाळी दहापर्यंत कोहरा म्हणजे दाट धुकं, गाड्या लेट, शाळा उशिरा, आणि रजाईतून बाहेर आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो ते "गरम काय आहे?"

पहिले दोन-चार दिवस पाकिटातलं सूप चाललं. तुम्ही ते पाकीट बघितलं, चष्मा वर करून पाकिटाची मागची बाजू वाचली आणि एवढंच म्हणालात, "अरे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना यांच्या? यात मीठच मीठ आहे." आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोकरीचा गुंडा आणि सुया घेऊन आलात, स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलात आणि म्हणालात कांदा चीर.

काकू, मला थँक्यू म्हणायचंय ते याच्यासाठी. तुम्ही डबा पाठवू शकला असतात, ते जास्त सोपं होतं, तुमच्या गुडघ्यांनाही बरं पडलं असतं. किंवा माझ्या हातातून डाव घेऊन "हो बाजूला, मी दाखवते" म्हणाला असतात, आमच्या घरातल्या यच्चयावत बायका हेच करतात, त्यामुळे तर चाळिशी आली तरी मला चहा आणि ऑम्लेटच्या पुढे काही येत नव्हतं. तुम्ही पूर्ण हिवाळ्यात एकदाही डाव हातात घेतला नाही. स्टूलावरून उठलातही नाही, स्वेटर विणत बसायचात, मान वर न करता विचारायचात, "आता वास कसा येतोय?" मी म्हणायचो कांद्याचा. "कच्च्या कांद्याचा की गोड?" मी परत नाक घालायचो कढईत. कच्चा म्हटलं की "मग थांब". बस एवढंच. चिमूटभर मीठ कांद्यावर सुरुवातीलाच, म्हणजे त्याला पाणी सुटतं आणि तो करपत नाही, गॅस बारीक, झाकण ठेवायचं, आणि तो डोळ्यांत जाणारा झणका जाऊन गोडसर वास यायला लागला की मगच पुढचं. आठ-दहा मिनिटं लागतात आणि सुपाची सगळी चव तिथेच ठरते, हे आता मला झोपेतही सांगता येईल.

बरं, ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी काकूंचा बेस सांगतो, तिघांना पुरतो. एक मोठा कांदा, दोन-तीन लसणाच्या पाकळ्या, चमचाभर तूप, दोन मोठे चमचे मसूर डाळ किंवा मूग डाळ, दोन-तीन वाट्या कुठलीही भाजी, चार वाट्या पाणी, कुकरला तीन शिट्ट्या. झालं. डाळीमुळे दाटपणा आपोआप येतो, कॉर्नफ्लॉवरची गरज नाही, आणि मुख्य म्हणजे पोटात काहीतरी जातं. हे तुम्ही मला फार बजावून सांगितलं होतंत, की नुसत्या भाजीच्या पाण्यावर म्हातारं माणूस ठेवलं तर पोट भरल्यासारखं वाटतं पण अंगातली ताकद जाते, त्यामुळे प्रत्येक वाडग्यात डाळ, दूध, दही, पनीर, काहीतरी एक पाहिजेच. डाळ नको असेल त्या दिवशी अर्धा बटाटा किंवा मूठभर भात, त्यानेही दाट होतं.

टोमॅटो मात्र डाळ शिजल्यावर. आंबट आधी पडलं की डाळ आणि बटाटा दोन्ही हट्टाला पेटतात, लवकर मऊ होत नाहीत. पाण्याचंही तेच, बोरिंगच्या जड पाण्यात डाळ शिजायला कंटाळा करते, म्हणून तुम्ही नळाला तिघऱ्याचं, म्हणजे धरणाचं पाणी आलं की स्वयंपाकाची वेगळी कळशी भरून ठेवायला लावलीत, ती सवय अजून आहे. आणि बाकीचं मीठ शेवटी! सूप आटतं, मीठ आटत नाही. बाबांसाठी तर मीठ निम्मं आणि वरून लिंबू नि मिरपूड, आंबट असलं की जिभेला मीठ कमी असल्याचं फारसं कळत नाही. बाबांना आजपर्यंत कळलेलं नाहीये, कृपया नातीने हा भाग त्यांना फॉरवर्ड करू नये.

आता मटारच्या सालींबद्दल लिहितो कारण ती गोष्ट मी ऑफिसमध्ये इतक्या जणांना सांगितलीये की लोक मला बघून रस्ता बदलतात. डिसेंबर-जानेवारीत इथे मटार म्हणजे सुळसुळाट, लोक पाच-पाच किलो घेऊन सोलत बसतात, आणि साली जातात गायीला. तुम्ही त्या सालींची परात तुमच्याकडे ओढलीत आणि कोवळ्या कोवळ्या बाजूला काढायला लागलात, मला वाटलं भाजी करणार. धुतल्या, पातेल्यात बुडतील इतकं पाणी, एक आल्याचा तुकडा, वीस मिनिटं उकळी, आणि गाळणीत चमच्याने दाबून गाळलं. साल नुसती खाता येत नाही, दोरे असतात, पण ते पाणी! फिकट हिरवं आणि इतकं गोड की लेकीने विचारलं साखर घातली का. तेच पाणी मग मटार सुपाला, तेच बटाट्याच्या सुपाला. फुलकोबीच्या दांड्यांचंही तसंच, फक्त त्या फार उकळू द्यायच्या नाहीत, नाहीतर घरभर तो कोबीचा वास फिरतो.

बथुआ, म्हणजे आपला चाकवत, सुद्धा तुमच्यामुळेच घरात आला. आम्ही आपले पालकाचे भक्त. तुम्ही म्हणालात हा इथे शेतातून आपोआप उगवतो, थंडीतच मिळतो, आणि ताकात चण्याचं पीठ कालवून त्यात शिजवला, वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी दिली की बाबा दोन वाडगी पितील. पितात. पीठ गार ताकात कालवायचं आणि उकळी येईपर्यंत डाव फिरवत राहायचं, थांबलं की फुटतं. हे तुम्ही दारातून नुसत्या डावाच्या आवाजावरून ओळखायचात, "हात थांबला तुझा!" आणि सुया चालूच.

लाल भोपळ्याचं सूप मला स्वतःला विशेष आवडलं नाही, सॉरी, सुंठ घालूनही. लेकीला आवडतं. असो.

मिक्सरबद्दल मात्र सगळ्यांना परत सांगतो कारण हे खरंच धोक्याचं आहे: उकळतं सूप भांडं भरून मिक्सरला लावायचं नाही, आतल्या वाफेने झाकण उडतं आणि तोंडावर येतं. कोमट होऊ द्या, भांडं निम्मंच भरा, नाहीतर सरळ रवीने घुसळा. बाबांना एकदम गुळगुळीत लागायचं म्हणून गाळणीतून काढायचो, पण लेकीला ते "पेशंटवालं" वाटायचं, मग तुम्ही सुचवलंत की एकाच पातेल्यातून बाबांचं आधी काढून घे आणि उरलेल्यात मक्याचे दाणे, पनीरचे तुकडे टाक. एक स्वयंपाक, दोन पंगती.

स्ट्यू शिकवलात तेव्हा पहिल्यांदा मला आपण काहीतरी करतोय असं वाटलं. गाजर (आपलं लाल, थंडीचं), मग बटाटा, मग फुलकोबी, मटार सगळ्यात शेवटी, जे कडक ते आधी, सगळं एकदम टाकलं की गाजर कचकचीत आणि कोबीचा लगदा. मोठे तुकडे, पाणी जेमतेम बुडेल इतकंच, तमालपत्र, दालचिनीचा तुकडा, अख्खी मिरी, झाकण, आणि गॅस इतका मंद की वर एखाददुसराच बुडबुडा येईल. शेवटी बटरवर चमचाभर कणीक खमंग भाजून ती थोड्या गार दुधात कालवून त्यात सोडायची, दोन मिनिटं ढवळायचं आणि गॅस बंद. दूध घातल्यावर लिंबू नाही, टोमॅटो नाही, फाटतं. बाबांसाठी बटाटा-गाजर चमच्याने दाबलं की मोडतं, त्यांनी दात काढल्यानंतर पहिल्यांदा "जेवलो" असं म्हटलं ते त्या दिवशी. आधी ते "पिलो" म्हणायचे, ते पण जरा रागातच.

आणि रविवारचं अळणी. हे खरं तर तुमच्या माहेरचं, तुम्ही म्हणायचात की मटण शिजलं की तिखट पडायच्या आधी पोरांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी पहिलं पाणी बाजूला निघालंच पाहिजे. हाडाचं मटण, हळद, आलं-लसूण, कांदा, थोडं मीठ, पहिल्या उकळीला वर येणारा फेस काढून टाकायचा आणि पाणी वाढवायचं तर गरमच. मी कुकरच लावतो, वेळ नसतो, पण एकदा सुट्टीच्या दिवशी तुमच्या पद्धतीने पातेल्यात तीनेक तास ठेवलं होतं. रात्री उरलेलं फ्रिजमध्ये टाकलं आणि सकाळी बघतो तर वाटीत चक्क जेलीसारखं थरथरतंय, मी घाबरून तुम्हाला फोन केला की खराब झालं वाटतं, आणि तुम्ही इतक्या हसलात. हाडातला आणि सांध्यातला चिकटपणा हळूहळू पाण्यात उतरतो आणि गार झाला की घट्ट होतो, गरम केलं की परत पातळ, आणि असं जमलं म्हणजे अळणी उत्तम झालं समजायचं. आता मी वाटी तिरकी करून सगळ्यांना दाखवतो.

डिसेंबरात तानसेन समारोह, म्हणजे इथला गाण्याचा महोत्सव होता, तेव्हाचं तर बाबा अजून सांगतात. 1924 पासून चालू असलेली गोष्ट, बाबा तरुणपणापासून जातायत, पण यावर्षी म्हणत होते की हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, रात्रीच्या उघड्या गारठ्यात बसायचं, मध्ये काही खाता येत नाही, नकोच. तुम्ही दुपारीच निरोप पाठवलात, थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेव, ते ओत, आणि मग उकळतं टोमॅटो सूप भर. सहा टोमॅटो, एक गाजर म्हणजे साखर लागत नाही, बीटाची एक फोड रंगाला. रात्री अकरानंतर झाकण उघडलं तेव्हा चटका बसेल इतकं गरम होतं, शेजारी बसलेल्या दोन अनोळखी आजोबांनाही बाबांनी कपात ओतून दिलं आणि आमच्या लेकाने केलंय म्हणाले. काकू, माझं बँकेतलं प्रमोशन झालं तेव्हा ते नुसते "बरं" म्हणाले होते.

बायको पण सुट्टीला आली की ओट्यापाशी उभी राहून बघते आणि तिला सारखी मध्ये हात घालायची इच्छा होते. मी तिला स्टूल दिलं. बसली नाही ती गोष्ट वेगळी.

तर थँक्यू, मनापासून. त्या सगळ्या संध्याकाळींसाठी, आणि तो मरून रंगाचा स्वेटर लेकीला निघाला त्याच्यासाठीसुद्धा, शाळेत रोज तोच घालते. बाबांची कवळी आलीये, त्यांनी पहिल्याच दिवशी गजक (इथली तीळ-गुळाची कडक वडी) फोडायचा प्रयत्न केला, डॉक्टरांनी झापलं, त्यामुळे अजून थोडे दिवस आपलं सूपच चालू आहे.

एक विचारायचं राहिलं. कुळथाचं कळण तुम्ही जाता जाता तोंडी सांगितलं होतंत, त्यात कुळीथ रात्रभर भिजवून शिजवल्यावर वरचं पाणी घ्यायचं हे लक्षात आहे, पण ताक घालायचं ते फोडणीच्या आधी की नंतर, आणि ताक घातल्यावर उकळायचं का? फेब्रुवारीत लग्नाला येताय म्हणालात, तेव्हा करणार आहे. तुम्ही फक्त जेवायला यायचं, आणि स्टूल तिथेच आहे पण गॅसकडे पाठ करून ठेवलंय.

तुमचा,
पलीकडच्या दारातला